लादीवर फोडलेलं खापर

आमच्या टॉवरमध्ये राहायला आल्यावर पहिल्या वर्षात जो तो पडला. चौथ्या मजल्यावरचे निवृत्त हवालदार पडले, समोरच्या काकू पडल्या, त्यांची सून दुधाच्या पिशव्या हातात घेऊन पडली. चाळीत आमच्या पायाखाली जन्मभर खडबडीत शहाबादी होती. इथे बिल्डरनं अशा गुळगुळीत टाइल्स घातल्या होत्या की त्यांत तोंड दिसायचं आणि पाय ठरायचा नाही. संध्याकाळी म्हातारी मंडळी खाली पोडियमवर जमायची तेव्हा कोण कुठे आपटलं याच्याच गप्पा. त्यामुळे माझी आई पडायला लागली तेव्हा कुणालाच, तिलाही, त्यात वेगळं काही वाटलं नाही. तीही खाली जाऊन ऐटीत सांगायची, "काल मीपण आपटले. फ्रिजच्या पुढ्यात."

मी आजही त्या टाइल्स पुसताना मनातल्या मनात शिव्या देते. त्यांचा काही दोष नव्हता हे मला आता माहीत आहे. तरी देते, कारण माणसांना देऊन झाल्या.

आम्ही दोघीच. वडील मी कॉलेजात असतानाच गेले, मी लग्न केलं नाही, आणि नायगावच्या जुन्या चाळीतल्या एका खोलीत आमचं बेताबेतानं चाललं होतं. मी ऑफिसला जायची. आई दादरच्या शिंप्यांकडून ब्लाउजांचा गठ्ठा आणून त्यांना हूक लावत बसायची. हात इतका बसलेला की रेडिओ ऐकत, माझ्याशी भांडत, खाली न बघता ती हूक टाकायची. शिंपी म्हणायचे, तुमचा हूक ब्लाउज फाटला तरी निघत नाही.

चाळीबद्दल तिची तक्रार एकच होती. लांब गॅलरीच्या दोन्ही बाजूंना खोल्या आणि गॅलरीच्या टोकाला सगळ्या मजल्याचे संडास. सकाळी बादली घेऊन ताटकळावं लागायचं, आणि एका दाराची आतली कडी कायम तुटलेली. कुणीतरी दुरुस्त करायचं, आठवड्यात पुन्हा तुटायची. मी लहान असताना आई बाहेरून दार धरून उभी राहायची. मी आतून विचारायची, "आहेस ना?" ती म्हणायची, "आहे." थोड्या वेळानं पुन्हा, "आहेस ना?" "आहे गो. आटप आता." तिच्यासाठी दार धरायला मात्र मी मोठी होईपर्यंत कुणी नव्हतं.

वडील गेले त्या आठवड्यात घर पाहुण्यांनी भरलं होतं. आई उठून तिकडे जाऊन बसली, तर बाहेरून कुणीतरी दारावर थाप मारली, "किती वेळ?" ती परत आली, पदरानं तोंड पुसलं आणि मला हळूच म्हणाली, "या चाळीत बाईमाणसाला रडायलापण जागा नाय." हे ती एकदाच बोलली. पण पुढे पुनर्विकासाच्या मीटिंगा सुरू झाल्या तेव्हा ती पहिल्या रांगेत जाऊन बसायची. बाकीच्या बायका ओट्याचं, बाल्कनीचं विचारायच्या. ही विचारायची, "संडास घराच्या आत असणार ना? आणि आतून कडी?" लोक हसायचे. मीसुद्धा हसायची, लाजून.

घर मिळालं. विहारातली मंडळी आली, वंदना झाली, सगळ्यांना खीर वाटली. शेवटचा पाहुणा लिफ्टमध्ये शिरला तशी आई आत गेली आणि तिनं कडी लावली. स्टीलची नवी कडी, खट्‌कन आवाज करणारी. बराच वेळ झाला तरी बाहेर येईना. मी विचारलं, "आई, बरी आहेस ना?" आतून म्हणाली, "तू तुझं काम कर." बाहेर आली तेव्हा चेहरा असा की लॉटरी लागली असावी. म्हणाली, "कोणी ठोकलं नाय."

मग महिन्यातून एकदा त्या कडीला ती बोटानं खोबरेल लावायची. मी चिडवायची, "देवाला नाही लावत कधी तेल, आणि कडीला?" ती म्हणायची, "देवानं काय दिलं? कडी कमिटीनं दिली."

तर ती पडायला लागली. आधी क्वचित, मग दर पंधरवड्याला. आम्ही हिंदमातेला जाऊन रबराचे मॅट आणले आणि फ्रिजपासून संडासापर्यंत अंथरले. घरात घालायला खाचांच्या तळाच्या स्लिपर घेतल्या. गंमत अशी की त्या स्लिपरपैकी एखादी तिच्या पायातून निघून मागे राहायची, आणि ती एकाच पायात स्लिपर घालून पुढे चालत जायची. तिला पत्ताच नसायचा. मी मागून ओरडायची, "अगं, एक इथे राहिली!" ती वळून पाहायची आणि खूप हसायची. समोरच्या काकूसुद्धा हसायच्या. खरं सांगते, त्या दिवसांत आमच्या घरात बरंच हसणं होतं.

हातांचं वेगळं चाललं होतं. तिला स्वतःच्या ब्लाउजचे हूक लागेनासे झाले. जिनं दादर-परळच्या अर्ध्या बायकांच्या ब्लाउजांना हूक लावले ती आरशासमोर उभी राहून घामाघूम व्हायची. मग म्हणाली, "गाउन बरा, उकडत नाय." सुई सुटली, साडीची पिन सुटली, तांदळातला खडा बोटांच्या चिमटीत येईना. बोटं बधिर, विशेषतः सकाळी. तिसरीकडे लघवीचं. लागली की दम निघायचा नाही, तिला भिंतीला धरत धरत घाई करावी लागायची, आणि त्या घाईत ती पुन्हा पडायची.

आम्ही काय केलं? प्रत्येक दुखण्याचं वेगळं बिऱ्हाड केलं. हातांसाठी एका डॉक्टरकडे गेलो. त्यांनी मनगटाला करंट लावून तपासणी करवून घेतली, मनगटात नस थोडी दबली आहे म्हणाले, पट्टा दिला, जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली. लघवीसाठी दुसरीकडे गेलो. साखर तपासली, ती नव्हती, तेव्हा वयाचं नाव घेतलं. पायांसाठी दादरला, मोठ्या नावाच्या हाडांच्या डॉक्टरकडे. आणि पडण्यासाठी कुठेच गेलो नाही, कारण पडणं टाइल्सच्या खाती जमा होतं. आमच्या टॉवरमधल्या कुणालाही विचारा, त्यानं हेच केलं असतं. पडायला सगळे सारखेच पडत होते. फरक एवढाच की हवालदार घसरून पडायचे आणि आई उभ्या जागी, वळताना, काही न घसरता पडायची. हा फरक बघायला कुणीतरी पडताना बघावं लागतं, आणि बघणारा तोपर्यंत धावत सुटलेला असतो.

दादरचे डॉक्टर सभ्य होते, हे कबूल करायला हवं. एसी वेटिंग रूम, भिंतीवर गुडघ्याचं रंगीत चित्र, टेबलावर प्लास्टिकचा गुडघा. आईला आधीच एक्स-रे काढायला पाठवलं होतं, त्यामुळे तिला व्हीलचेअरवरूनच आत नेलं. त्यांनी फिल्म उजेडावर लावली. "ही गॅप बघा. म्हणजे, नाहीच आहे. हाडावर हाड घासतंय. तोल कसा राहणार?" मी म्हटलं, "आमच्याकडे टाइल्स पण फार गुळगुळीत आहेत." ते म्हणाले, "तेही आहेच." उजवा गुडघा बदलायचा ठरला. गुडघा दुखत होता, त्यात खोटं काही नव्हतं. जिने चढून, मोरीत उकिडवं बसून झिजला होता. चाळीतून आलेल्या कुठल्याही बाईचा एक्स-रे काढा, तशीच फिल्म येईल.

आईनं ऑपरेशनबद्दल फार विचारलं नाही. किती दुखेल, किती दिवस पडून राहायचं, काही नाही. एवढंच विचारलं, "डॉक्टर, मग मला एकटीला संडासला जाता येईल ना? कुणाला न बोलावता?"

"पळाल, आजी," ते म्हणाले.

त्या "पळाल"वर ती ऑपरेशनच्या टेबलावर गेली. आमच्या मजल्यावरून जाताना सगळ्यांनी दारात येऊन तिला निरोप दिला. काकूंनी हातावर साखर ठेवली.

गुडघा छान बरा झाला. टाके सुकले, पाय पूर्ण वाकायला लागला, जुनी कळ गेली. आणि आई पूर्वी चालत होती तेवढंही चालेना. पाय काठीसारखे ताठ, दोन पायांत अंतर ठेवून, पाऊल घासत चालायची, जणू लादी जागेवर आहे की नाही याची तिला खात्रीच नव्हती. घरी व्यायाम घ्यायला मुलगी यायची, ती म्हणायची, "आजी मनापासून करत नाहीत." मी ऑफिसातून येऊन आईवर तोंडसुख घ्यायची. "एवढं ऑपरेशन करून घेतलंस ते काय पलंगावर बसायला? समोरच्या काकूंची बहीण दीड महिन्यात सिद्धिविनायकाला चालत गेली!" आई म्हणायची, "करते गो. करते ना." आणि मी स्वयंपाकघरात गेले की पलंगावर पडल्या पडल्या पाय उचलायची, खाली ठेवायची, उचलायची. मला आतून तिचा श्वास ऐकू यायचा.

अशातच एका दुपारी ती आत गेली, कडी लावली आणि आतच कोसळली. मी ऑफिसात होते. तिनं हाका मारल्या असाव्यात, पण टॉवरच्या घरांची दारं बंद असतात. चाळ असती तर अर्धा मजला धावला असता. सरपटत दारापर्यंत पोचली. कडी हाताशी होती. तीच कडी, खोबरेल लावून गुळगुळीत केलेली. ती काही तिच्या बोटांनी मागे सरकेना. जोर नव्हता असं नाही, बोटं ऐकतच नव्हती. संध्याकाळी मी आले, आत तिचा आवाज बसलेला. वॉचमन आणि हवालदारांनी मिळून दार फोडलं. ती ओल्या फरशीवर बसली होती, गाउन खराब झालेला. इतक्या माणसांना बघून तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी सगळ्यांना हाकलून लावलं, उपकारकर्त्यांना हाकलून लावलं, आणि मग तिला आंघोळ घालताना ढसाढसा रडले. ती म्हणाली, "तू कशाला रडतेस? पडले ती मी."

ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं सांगितलं म्हणून तिला परळच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात नेलं. बाकावर सकाळ गेली. हाडांच्या विभागात मणक्याचं बघणाऱ्या एक डॉक्टरीणबाई होत्या, माझ्याच वयाच्या, कपाळावर आठी कायमची. मी एक्स-रेची जाडजूड पिशवी पुढे केली. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "आजी, चालून दाखवा."

इतक्या डॉक्टरांनंतर हे वाक्य आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. आई माझा हात सोडून चार पावलं गेली. बाई मान तिरकी करून बघत राहिल्या. मग मुठी झटपट मिटायला आणि उघडायला सांगितल्या. आईची बोटं गोगलगाईच्या गतीनं उघडली. डोळे मिटून उभं राहायला सांगितलं, तर ती लगेच झुकली. बाईंनी तिला आधीच दोन्ही हातांत धरायची तयारी ठेवली होती. पायाचा अंगठा वर-खाली करून विचारलं, आता कुठे आहे? आईनं तीनदा चुकीचं सांगितलं, अगदी आत्मविश्वासानं. छोट्या हातोडीनं चांगल्या गुडघ्यावर टकटक केली तशी तंगडी फाडकन उडाली. शेवटी त्यांनी आईचं मधलं बोट धरून त्याच्या नखाला टिचकी मारली. तिचा अंगठा आपोआप आत वळला. आईला ती जादू वाटली. ती माझ्याकडे बघून हसली. बाई हसल्या नाहीत.

"चप्पल पायातून निघाली तर कळतं का?"

आई म्हणाली, "नाय कळत. ही ओरडते तेव्हा कळतं."

"मान खाली वाकवली की पाठीतून करंट जातो?"

आईनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "विहारात वंदनेला वाकते तेव्हा जातो. पार पायापर्यंत."

"कधीपासून?"

"झाली की वर्षं. चाळीपासून."

मी भडकले. "मला का नाही सांगितलंस?"

"दुखत नव्हतं ना," आई म्हणाली. "झिणझिण तर होत होती. ती काय सांगायची."

मानेचा एमआरआय झाला. बाईंनी मला फिल्म दाखवली. मणक्यांच्या मधून वरून खाली येणारी जाडसर दोरी दिसत होती, आणि मानेत दोन-तीन ठिकाणी ती चिमटीत धरल्यासारखी चपटी झाली होती. हात, पाय, लघवी, सगळ्यांना जाणाऱ्या तारा त्या एका दोरीतून जातात, त्या म्हणाल्या. वयानं मणक्यांना हाडाच्या कडा फुटतात, चकत्या फुगतात, त्या दोरीवर दाब येतो. मान दुखेलच असं नाही. मनगटातली नस, गुडघ्यातली झीज, तेही सगळं खरंच होतं, फक्त मुख्य नव्हतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, आणि तो बंबही आम्ही दोनदा-तीनदा भरून नेला होता.

"ऑपरेशन करून दाब काढता येईल," बाई म्हणाल्या. "पुढे आणखी बिघडू नये म्हणून. पण इतके दिवस दबलेलं किती परत येईल, ते मी सांगणार नाही. सांगितलं तर खोटं होईल."

"आधी आलो असतो तर?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "आधी आलेले बरे होतात पुष्कळदा," त्या म्हणाल्या. मला त्यांचा राग आला. खरं बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा, फुकटचा.

मी दादरच्या डॉक्टरांकडेही गेले, एकटीच. काय मागायला गेले होते कोण जाणे. त्यांनी एमआरआय पाहिला, गंभीर झाले, खुर्चीत मागे टेकले. मग गुडघ्याचा नवा एक्स-रे लावला आणि म्हणाले, "पण गुडघा बघा ना. सुंदर बसलाय." खरंच सुंदर बसला होता. मला आजही वाटतं की त्यांना ओरडायला हवं होतं. मी "हो" म्हणाले आणि खाली येऊन फुटपाथवर, फुलवाल्यांच्या गर्दीत, नुसतीच उभी राहिले. एक बाई म्हणाली, "ताई, गजरा?" मी घेतला आणि घरी जाऊन फ्रिजमध्ये ठेवून विसरले.

आईला मी सगळं समजावून सांगितलं. तिनं नीट ऐकलं. मग बाईंना तिनं तोच प्रश्न विचारला जो आधी दादरच्या डॉक्टरांना विचारला होता. "एकटीला जाता येईल ना?"

बाईंनी तिचा हात हातात घेतला. "प्रयत्न करू या, आजी," त्या म्हणाल्या. त्या "पळाल" म्हणाल्या नाहीत, आणि आईनं ते ओळखलं. टेबलावर जाताना ती या वेळी माझ्याकडे वळून बघत राहिली.

मानेच्या मागून ऑपरेशन झालं. पट्ट्या, स्क्रू, गळ्यात कॉलर. ऑपरेशन उत्तम झालं. आमच्याकडे सगळीच ऑपरेशनं उत्तम होतात. पहिल्या महिन्यात तिच्या बोटांत थोडी जान आल्यासारखी वाटली. तिनं वाटीतले वाटाणे एकेक करून दुसऱ्या वाटीत टाकले आणि मला ऑफिसात फोन करून सांगितलं. मी त्या दिवशी येताना तिच्यासाठी नवा ब्लाउज आणला, पुढून मोठ्या हुकांचा. वेड्यासारखा आणला. तिनं तो मांडीवर घेतला, हूक पारखले आणि म्हणाली, "कच्चे टाके घातलेत. दोन धुण्यांत जातील." घातला मात्र नाही. वाटाणे पुढे गेले नाहीत. पायांचा ताठरपणा तसाच राहिला, लघवीचं तर नाहीच सुधारलं. तिला तपासणीला नेलं की मी बाईंना दर वेळी विचारायची, अजून येईल ना काही? त्या म्हणायच्या, वर्षभर वाट बघू. वर्ष झालं. मग त्यांनी ते म्हणायचं सोडलं आणि मी विचारायचं.

समोरच्या काकू म्हणाल्या, "दैव देतं आणि कर्म नेतं, बाई." आमच्या घरात दैवाला थारा नाही, कर्मालाही तसा नाही. दैव असतं तर निदान त्याच्या नावानं कडाकडा बोटं मोडता आली असती. इथे कुणाच्या नावानं मोडायची? एक जण गुडघ्याचा होता, एक जण मनगटाचा, एक वयाचा. प्रत्येकानं आपापल्या जागी बरोबरच सांगितलं होतं.

फोडलेलं दार सोसायटीच्या सुतारानं पुन्हा बसवलं तेव्हा मी त्याला कडी काढायला सांगितलं होतं. आई पलंगावरून बघत होती. म्हणाली, "राहू दे की. लावणार नाय मी." मी म्हटलं, "तू लावशील." सुतारानं कडी काढली आणि स्क्रूची भोकं पांढरी लांबी भरून बुजवली. आता दार नुसतं लोटायचं असतं. मी तिला वॉकरनं आत नेते, बसवते, गाउन सावरते, दार लोटून बाहेर थांबते. आत बसल्या बसल्या ती हात उचलून दारावर त्या बुजवलेल्या भोकांपाशी ठेवते. मला फटीतून दिसतं. त्या बोटांना तिथलं काही कळत नसणार.

मी बाहेर उभी असते ते तिला आवडत नाही. पूर्वी चिडायची, आता चिडत नाही. परवा मात्र आतून म्हणाली, "तू जरा खाली जाऊन ये."

"कशाला?"

"लिंबं आण."

"लिंबं आहेत."

"मग कोथिंबीर आण. जा ना गो बाय. थोडा वेळ जा."

तिला एकटीला सोडून मी कशी जाणार? घराचं दार उघडलं, आतूनच धाडकन लावलं आणि घरातल्याच पॅसेजमध्ये श्वास रोखून उभी राहिले. मग आतून शांतपणे आवाज आला, "गेली नायस ना."

मी भिंतीला आणखी चिकटले.

"चपला वाजल्या नायत तुझ्या," आई म्हणाली.

मग मी घराचं दार नुसतं लोटून खरंच बाहेर गेले. चपला पायात घातल्या, वाजवत वाजवत लिफ्टपर्यंत गेले, लिफ्टचं बटण दाबलं, दार उघडून बंद झाल्याचा आवाज होऊ दिला. चपला काढून हातात घेतल्या आणि त्या गुळगुळीत लाद्यांवरून अनवाणी, एकेक पाऊल जपून टाकत परत घरात आले.

आत ती रडत होती. घरात कुणी नाही अशा खात्रीनं माणूस रडतं तशी, मोठ्यानं, तोंड न दाबता. एवढ्यासाठीच तिला मी नको होते. मी लोटलेल्या दाराजवळ चपला हातात धरून उभी राहिले. आहे, म्हणायची सोय नव्हती.